जर्सी सिटीहून: पोलीस कागद का मागत नाहीत

जर्सी सिटी

ती. काकांना सा. नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही चिडलात. "केंद्राच्या खात्यानं माणूस मागितला आणि पोलिसांनी दिला नाही, हे कसलं पोलीस खातं?" लॉजवर कोण परदेशी उतरला, त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा लॉजचा सी-फॉर्म आला का, हे तपासण्यात तुम्ही हयात घातलीत, तुम्हाला खटकणारच. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथे अमेरिकेत इमिग्रेशन, म्हणजे परदेशातून आलेल्यांचं येणं-राहणं बघणं, हे केंद्राचं काम. पोलीस शहराचे, तुरुंग काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा. केंद्राला आपलं काम त्यांच्याकडून सक्तीनं करून घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच सांगितलंय. तो खटला बंदूक घेणाऱ्यांच्या चौकशीवरून होता, पण तत्त्व तेच. आईस (ICE), म्हणजे केंद्राचं इमिग्रेशनची धरपकड करणारं खातं, तुरुंगाला जो कागद धाडतं त्याला डिटेनर म्हणतात: सुटकेची वेळ झाली तरी याला आणखी ४८ तास धरून ठेवा. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. अटक केली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. नुसत्या विनंतीवरून तुम्ही कुणाला आत ठेवलं असतंत?

आमच्या न्यू जर्सी राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे सर्वांत वरचे कायदा अधिकारी, गुरबीर ग्रेवाल यांनी २०१८ मध्ये पोलिसांना नियम घालून दिला. गुन्ह्याच्या तपासाला गरज असेल तरच कागदपत्रांचं विचारायचं, इमिग्रेशनच्या धाडीत जायचं नाही. गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मात्र सुटकेची वेळ आईसला कळवता येते. टीव्हीवर एवढं कोणी सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात इथल्या एका हॉटेलात भांडी घासणाऱ्या हरियाणाच्या मुलाला रात्री दोघांनी चाकू दाखवून लुटलं. आठवड्याची मजुरी रोख होती, सगळी गेली. तो तक्रार द्यायलाच तयार नव्हता. शेवटी हिंदीचं इंग्रजी करायला मी बरोबर गेले. अधिकाऱ्यानं विचारलं: चाकू कुठल्या हातात होता, जाकीट कसलं होतं, पळाले कुठल्या बाजूला. व्हिसाचं नावसुद्धा काढलं नाही. तरी पोरगं सारखं दाराकडे बघत होतं, हातातली लोकरी टोपी पिळत.

तुम्हीच सांगायचात ना, पारधी वस्तीवर चोरी झाली तरी ठाण्यात कोणी येत नाही, कारण येईल त्यालाच आधी आत घेतील ही धास्ती? त्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, धास्ती राहिली. आणि चोर मोकाट. इथे मला तेच दिसतं.

आईसनं स्वतः येऊन कुणाला पकडलं तर शहर अडवू शकत नाही. पोलिसांनी अटक केली की बोटांचे ठसेही केंद्राकडे पोचतातच. एवढी थोडकी सवलत, तर २०२५ च्या मेमध्ये केंद्रानं तीवरूनही जर्सी सिटी, होबोकेन, न्यूअर्क आणि पॅटरसनवर दावा ठोकला. मला याचा फार राग येतो, काका. त्या मुलाला उद्या पुन्हा कोणी लुटलं, तर तो माझ्याबरोबर चौकीत येईल असं आता वाटत नाही.

ठाणे अंमलदार म्हणून तुम्ही काय केलं असतंत, ते सविस्तर लिहा. फोनवर नको, पत्रानंच. काकूंना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका.

तुमची,
मेघा