मोटारघरांचा आकार आणि इंधन

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी मोटारघरांविषयीचा (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांविषयीचा) लेख वाचला. लहान गाड्यांकडील ओढ्याचे श्रेय त्यात तरुणांच्या बदलत्या आवडीला दिले आहे. इंधनाच्या किमतीचा उल्लेखही नाही, हे खटकले. १९७३च्या तेलटंचाईने या उद्योगाचे कंबरडे मोडले, आणि त्या धड्यानंतरच ‘विनेबागो’ या अमेरिकी मोटारघर कंपनीने १९८०च्या दशकात रेनॉच्या डिझेल इंजिनावर चालणारी, जेमतेम २० फुटी ‘लेशारो’ बाजारात आणली; पुढे पेट्रोल स्वस्त झाले तशा अवाढव्य गाड्या परतल्या. भिंतीसारखे सपाट तोंड असलेले मोठे मोटारघर आजही लिटरमागे साधारण ३ ते ४ किलोमीटरच जाते, तर डिझेल व्हॅनवर बांधलेले सुमारे दुप्पट. वारा कापणारा आकार तर ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने मोटारीमागे ओढायच्या आपल्या फिरत्या घरासाठी १९३६मध्येच वापरला होता, तोही निव्वळ शोभेसाठी नव्हे.
– एक वाचक, पुणे