आजारी कुत्र्याचा वर्षाचा खर्च पहिल्याच दिवशी सांगा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात मधुमेही कुत्र्यांवरून दोन पत्रं आली. एका गृहस्थांच्या मते कुत्र्याला रोज इन्सुलिन टोचत बसणं हा पैशाचा माज. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, ज्याला परवडत नाही त्याने मुळात कुत्रं पाळूच नये. दोघांच्याही घरी असं जनावर नसावं. आमच्या घरी आहे. ठमी, वजन दहा किलो, जात सांगता येऊ नये इतकी मिसळलेली, तीन वर्षांपासून मधुमेह. मी निवृत्त कॉस्ट अकाउंटंट. मला भावनेतलं फारसं कळत नाही असं घरात सगळ्यांचं ठाम मत आहे, तेव्हा हिशेबाचंच बोलतो.

जन्मभराच्या दुखण्यात माणूस रोजच्या औषधाने बुडत नाही, अवचित येणाऱ्या बिलांनी बुडतो. आणि त्यातली निम्मीअधिक बिलं अवचित नसतातच. ती येणार हे डॉक्टरांना पहिल्या दिवशीच माहीत असतं, फक्त आपल्याला कुणी सांगत नाही.

ठमी वाडगंच्या वाडगं पाणी पिऊ लागली, रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं, खाऊनही वजन उतरू लागलं, तेव्हा जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्तात साखर, लघवीतही साखर. डॉक्टर म्हणाले, ‘‘इन्सुलिन सुरू करू, बाकी बघत जाऊ.’’ मी विचारलं, वर्षाला साधारण खर्च किती? मयताच्या घरी उसने पैसे मागितल्यासारखं दवाखान्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सौ.ने कोपराने ढोसलं ते वेगळंच. आकडा काही मिळाला नाही. ‘‘ते प्रत्येक केसवर अवलंबून असतं.’’ अहो, असतंच. कारखान्यात कच्च्या मालाचा भावही रोज बदलायचा, म्हणून आम्ही वर्षाचं बजेट करायचं सोडलं नाही.

आकडा न सांगण्याचा परिणाम काय होतो? पशुवैद्यकांची एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मधुमेहाचं निदान झालेल्या कुत्र्या-मांजरांपैकी साधारण दहातल्या एकाला निदानाच्या वेळीच कायमचं झोपवलं जातं, आणि आणखी तितक्याच जणांना पुढच्या वर्षभरात, असा पशुवैद्यकांचा अंदाज त्यात आला. कारणांमध्ये सोबतचे इतर आजार होते, वय होतं, आणि खर्चही होता. माझा तर्क असा, की यातल्या काही मालकांना खर्च परवडलाही असता. त्यांना तो दिसला नाही, आणि न दिसणारा खर्च नेहमी मोठा वाटतो.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि समोर वही ठेवून बसलो. त्या बाई हसल्या, पण तासभर बसल्या. रोजचा खर्च, ठरावीक काळाने येणारा, आणि वर्ष-दोन वर्षांत कधीतरी येणार हे जवळजवळ नक्की असलेला, अशी पानं पाडली. पहिले तीन-चार महिने डोस बसेपर्यंत तपासण्या जास्त, म्हणून ते वेगळे धरले.

रोजच्या पानावर मला सर्वांत मौज वाटली ती इन्सुलिनच्या बाटलीची. ठमीला सकाळ-संध्याकाळ बारा तासांनी पाच-पाच युनिट, म्हणजे दिवसाला १०. मोठी बाटली १००० युनिटची. युनिटमागचा दर पाहिला तर तीच सर्वांत स्वस्त. पण आमच्या बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलेलं, उघडल्यावर चार आठवडे. २८ दिवसांत लागणार २८०, उरलेली ७२० टाकायची! तेच इन्सुलिन पेनच्या ३०० युनिटच्या कार्ट्रिजमध्ये येतं. पेन वापरताना दर वेळी दोन युनिट आधी हवेत सोडून पाहावी लागतात, ती धरली तरी २८ दिवसांचा खप ३९२. म्हणजे कार्ट्रिजचा युनिटमागचा दर बाटलीच्या दुप्पट असला तरी कार्ट्रिजच स्वस्त. चाळीस किलोच्या कुत्र्याला हेच गणित उलटं होतं, त्याला बाटलीच परवडते. हे कुठलंही दुकान आपणहून सांगत नाही. मी डॉक्टरीणबाईंना गणित दाखवलं, त्यांनी होकार दिल्यावरच बदल केला.

इथे एक धोका ठळक सांगतो, कारण पैसे वाचवायला निघालेला माणूस नेमका इथेच अडकतो. प्राण्यांच्या काही इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, माणसांच्या बऱ्याच इन्सुलिनमध्ये १००. सिरिंजही त्या त्या मापाच्या वेगळ्या. १०० वालं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये पाचच्या रेघेपर्यंत भरलं, तर कुत्र्याच्या अंगात पाच नव्हे, साडेबारा युनिट जातात. जनावर थरथरतं, झोकांड्या खातं, फिट येते, जीवही जातो. स्वस्त सिरिंजचा खोका दिसला म्हणून उचलू नये.

दुसरं पान तपासण्यांचं. डोस बरोबर बसला का हे बघायला कुत्र्याला दिवसभर दवाखान्यात ठेवून दर दोन तासांनी साखर मोजतात. खर्चिक काम. त्यातून ठमी परक्या जागी तोंडाला काही लावत नाही, ताणाने साखर चढते, म्हणजे पैसे देऊन चुकीचा आलेख. त्यापेक्षा हे घरी करता येतं. कानाच्या पाळीच्या कडेला बारीक सुई, एक थेंब, ग्लुकोमीटर. पहिल्यांदा माझाच हात थरथरला, ठमी जांभई देत होती. आता आमचा नातू आलेख काढतो आणि फोटो डॉक्टरांना पाठवतो. त्या सल्ल्याचे पैसे घेतात, घ्यावेतच, पण ते दिवसभराच्या मुक्कामापेक्षा कितीतरी कमी. एवढं लक्षात ठेवावं, की माणसांचं ग्लुकोमीटर कुत्र्याच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. त्यामुळे कुठलं यंत्र वापरतो ते डॉक्टरांना सांगायचं, आणि आकडा बघून घरच्या घरी डोस कमी-जास्त करायचा नाही. फ्रुक्टोसामीन नावाची एक रक्ततपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचा सरासरी अंदाज देते. आमच्याकडे ती अधूनमधून करतात.

आणि फुकटची तपासणी तर रोज घरातच होते. सकाळी मापाच्या जगने पाणी भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी गेलं तर काहीतरी बिनसलंय. ठमीच्या बाबतीत ती रेघ एक लिटरची. आठवड्याला वजन. साखर बिघडली की हे दोन आकडे हलू लागतात, आणि आपण बिल मोठं व्हायच्या आत पोचतो.

तिसरं पान खरं महत्त्वाचं, आणि त्याचबद्दल सगळे गप्प असतात. ठमी मादी, तिचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. माज येऊन गेल्यावर सुमारे दोन महिने कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन चढं राहतं, त्याने वाढीचं संप्रेरक वाढतं आणि इन्सुलिन लागू पडेनासं होतं. म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढणं हा उपचाराचाच भाग. पहिल्या दवाखान्यात याचा उल्लेखही नव्हता. दुसरीकडे तो पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीला आला, आणि ऑपरेशननंतर डोसही उतरला. मग दात. किडलेल्या दातांची, हिरड्यांची सूज असली की साखर आवरत नाही, लघवीच्या जंतुसंसर्गाचंही तसंच. दातांची सफाई चैनीची वाटते, पण ती टाळली तर तेच पैसे वाढीव इन्सुलिनवर जातात.

डोळ्यांचं आधीच ठरवून ठेवावं. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, साखर बरी ठेवली तरी. त्याचं ऑपरेशन हा या आजारातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च. आम्ही ते करायचं नाही असं ठरवलं, आणि त्याबद्दल मला कुणाचं प्रवचन ऐकायचं नाही. ठमीला आता जवळजवळ दिसत नाही, पण ती नाकाने घर ओळखते, फर्निचर आम्ही जागचं हलवत नाही, आणि जिना चढताना ती माझ्यापेक्षा वेगाने चढते. मात्र ऑपरेशन नाही म्हणजे डोळ्यांचा खर्च शून्य, असंही नाही. मोतीबिंदूमुळे डोळ्याच्या आत सूज येऊन दुखू शकतं, त्याचे थेंब आणि तपासणी चालूच असते. तीही पानावर आहे.

अवचित म्हणावं असं खरं एकच बिल, किटोअ‍ॅसिडोसिसचं. इन्सुलिन फार अपुरं पडलं की रक्तात आम्ल साचतं, त्याचं हे नाव. कुत्रं खात नाही, उलट्या करतं, मलूल पडतं, आणि मग सलाइनवर काही दिवस दवाखान्यात. हे बहुधा इन्सुलिन चुकलं किंवा दुसरा संसर्ग लपून बसला की होतं. यासाठी आम्ही दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला हात लावत नाही. मुलगा म्हणाला, विमा काढा ना बाबा. निदानानंतर काढलेल्या विम्यात आधीचा आजार जवळपास सगळीकडे वगळलेला असतो. विमा काढायचा तर पिल्लू धडधाकट असतानाच, आणि काढताना एक प्रश्न विचारायचा: एका आजाराचे पैसे दरवर्षी नव्याने मिळतात, की बारा महिन्यांनी किंवा ठरावीक रकमेनंतर तो आजार कायमचा बाद होतो? जन्मभराच्या आजारात फरक तिथेच पडतो.

आता काटकसर कुठे करू नये तेही लिहितो, कारण माझं पत्र वाचून कुणी भलतंच करायला नको. परवडत नाही म्हणून इन्सुलिन दिवसाआड देणं, हे सर्वांत महाग पडणारं. माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या कुत्र्याला चालत नाहीत, कारण त्याच्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन बहुतेक संपलेलंच असतं. दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन देऊ नये, पोटात अल्सर आणि मूत्रपिंड निकामी. आणि मधुमेही आहे म्हणून ‘शुगर-फ्री’ काही भरवू नये. त्यात झायलिटॉल नावाचा गोडीचा पदार्थ असू शकतो, त्याने कुत्र्याची साखर एकदम कोसळते, यकृतही जातं.

हे फक्त मधुमेहाचं नाही. माझ्या एका मित्राच्या कुत्र्याला अ‍ॅडिसन आहे. म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींची संप्रेरकं कमी पडण्याचा जन्मभराचा आजार. त्याचं दर महिन्याचं इंजेक्शन कंपनीच्या कागदाप्रमाणे किलोला २.२ मिलिग्रॅम. नंतरच्या अभ्यासांत बऱ्याच कुत्र्यांना निम्म्याने भागतं असं दिसलं आहे. मित्राने विचारलं, डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासत डोस उतरवला, आणि इंजेक्शनचा खर्च निम्म्यावर आला. विचारलं नसतं तर जन्मभर दुप्पट भरत राहिला असता. उलट फिटच्या आजारात फेनोबार्बिटलची गोळी स्वस्त आहे पण रक्तातली पातळी आणि यकृत तपासत राहावं लागतं, आणि गोळी अचानक बंद केली तर न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. म्हणजे तिथे गोळीपेक्षा तपासणीचं पान मोठं.

इन्सुलिन टोचणं म्हणजे माज, असं लिहिणाऱ्या गृहस्थांना एक जुनी गोष्ट. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, तिथून या आजाराचा धागा सापडला. १९२१ मध्ये टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी पुन्हा कुत्र्यांवरच प्रयोग केले, आणि पुढच्या वर्षी माणसाला इन्सुलिन मिळालं. पेटंट त्यांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. मलाही रात्री इन्सुलिन लागतं. ठमीच्या जातभाईंचं देणं माझ्या अंगावर आहे, आणि देणं फेडायला मी माज म्हणत नाही.

डॉक्टरांची बाजूही मला कळते. आकडा सांगितला आणि खर्च वर गेला की लोक भांडायला येतात. मग आकड्याऐवजी पट्टा सांगा: कमीत कमी इतका, बिघडलं तर इतका. आणि एकच महागडा मार्ग समोर न ठेवता, पैसे कमी असतील तर काय सोडता येईल आणि काय सोडता येणार नाही, हेही सांगा. मालकांनीही ‘पैशाचा प्रश्न नाही’ असं खोटं बोलू नये. पहिल्याच भेटीत खिशाची मर्यादा सांगितली तर डॉक्टरांना त्यात बसणारा उपचार आखता येतो, तिसऱ्या महिन्यात गुपचूप औषध बंद केलं तर नाही.

संपादक महाशय, आमच्या वहीतल्या तीन पानांवरून मी एक कोरा तक्ता तयार केला आहे. डॉक्टरांसमोर ठेवून भरता येईल असा, एका कागदाचा. सोबत जोडला आहे. आपल्या पुरवणीत जागा असली तर छापावा. एखाद्या पशुवैद्यकांनी आपल्या दवाखान्याच्या नावाने छापून वापरला तरी माझी हरकत नाही. फक्त ‘दात’ आणि ‘डोळे’ हे रकाने गाळू नयेत.

आपला,
एक निवृत्त कॉस्ट अकाउंटंट
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)