गौरव अंकासाठी मजकूर पाठवण्याची शेवटची आठवण

सर्व सभासदांस नमस्कार,

१२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, आपण ज्यांचा सत्कार करणार आहोत त्या सिस्टरांविषयीचा मजकूर ३० एप्रिलपर्यंत सचिवांकडे पोचला पाहिजे. (नाव मुद्दामच लिहीत नाही. फोन कुणाचा कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.)

आतापर्यंत आलेल्या लेखांत 'सेवेची मूर्ती', 'त्यागाची ज्योत' असंच जास्त आहे. भावना पोचल्या, पण काम दिसत नाही. देशोदेशीच्या पोलिओ मोहिमांत त्या नेमकं काय करत, ते लिहा. लसीच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारी खूण असते; तिचा आतला चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला, की लस उष्णतेने खराब झाली असं धरायचं, आणि रांग कितीही मोठी असो, ती कुपी बाद. थेंब पाजले की लगेच बाळाच्या करंगळीला शाई. दार बंद मिळालं तर त्या घरी पुन्हा फेरी. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग वन्य पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला, त्यामागे अशा असंख्य फेऱ्या आहेत.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी तर लिहायलाच हवं. बोलणी खाल्ली असतील तर तीही चालतील, उलट तीच वाचायला मजा येईल.

एक पान पुरे. जुने फोटो देताना रुग्णांचे आणि मुलांचे चेहरे ओळखू येणार नाहीत असं बघा. या बाबतीत त्या किती कडक आहेत ते ठाऊकच आहे. वर्गणी ऐच्छिक आहे, मजकूर नाही.

कार्यकारिणीतर्फे,
सचिव