डिशवॉशरचं शटर आणि आईचं मनगट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेला नव्या स्वयंपाकघराचा नकाशा पाहिला. ट्रॉल्या, कोपऱ्यातलं कपाट, सगळं छान बसलंय. फक्त डिशवॉशरचं सुतार म्हणतोय तसं करू नका. जुन्या मशीनच्या दारावर प्लायचं शटर ठोकलं म्हणून ते बिल्ट-इन होत नाही. त्याच्या स्प्रिंगा त्या दाराच्याच वजनाच्या हिशेबाने असतात. वर चार-पाच किलोचं शटर चढलं की दार धाडकन खाली येईल आणि आईला ते रोज मनगटाच्या जोरावर उचलावं लागेल. मशीन घेतलं होतं ते त्या मनगटासाठीच ना?

ट्रॉल्यांच्या ओळीत हवं असेल तर इंटिग्रेटेडच घ्या, म्हणजे दारावर शटर लावायच्या सोयीनेच बनवलेलं मशीन. माझ्याकडे रेडिंगला नुकतंच हेच काम झालं. शटर लावल्यावर समोरचे दोन स्क्रू फिरवून स्प्रिंगचा ताण जुळवतात. आमचा फिटर दार अर्ध्यावर आणून सोडायचा, बघायचा, पुन्हा थोडा स्क्रू फिरवायचा. शेवटी दार सोडलं तिथेच थांबलं. तुमच्याकडे येईल त्याच्याकडून हे करून घ्या आणि तो जायच्या आत आईने स्वतः एका हाताने दार उघडून-मिटून बघायचं.

रुंदी जुन्या-नव्या दोन्ही मशीनची साधारण ६० सेंमी, म्हणून जुन्या जागेत सहज बसेल असं वाटतं. अडतं ते उंचीत. इंटिग्रेटेडला ओट्याखाली साधारण ८२ सेंमी लागतात. पाय फिरवून ते वर घेता येतं, पण त्याहून खाली जात नाही. तुम्ही फरशीवर फरशी टाकताय, तर ती आधी होऊ द्या, मशीनच्या जागेतसुद्धा, आणि मगच माप घ्या. मशीन बसल्यावर पुढची फरशी चढली तर ते अडकून बसेल आणि दुरुस्तीच्या वेळी ग्रॅनाइट उचकटायची पाळी येईल. त्या ग्रॅनाइटला भोकंही पाडू देऊ नका. मशीन बाजूच्या कपाटांच्या प्लायला बांधता येतं. सॉकेट सिंकखालच्या कपाटात घ्या. मशीनच्या मागे प्लग आला तर ते तेवढं पुढे राहील, आणि बंद करायचं म्हटलं तर बाबांचा हात पोहोचणार नाही.

बाबा, एक तुमच्यासाठी. पूर्ण इंटिग्रेटेडची बटणं दाराच्या वरच्या कडेवर असतात, दार मिटलं की दिसतच नाहीत. काही मशीन चालू असताना जमिनीवर लाल ठिपका पाडतात, पण तो शोधत वाकायला तुम्हाला लावायचं नाहीये मला. सेमी-इंटिग्रेटेड मिळालं तर तेच घ्या. त्यात बटणांची पट्टी पुढे दिसते आणि शटर तिच्याखाली लागतं. ट्रॉल्यांची ओळ तेवढी तुटेल, तुटू दे.

जुनं मशीन भंगारात घालू नका. ताईच्या भाड्याच्या घरात ते कुठेही उभं राहील, नळ आणि सांडपाण्याची सोय जवळ असली की झालं.

शटर मात्र आत्ताच कापू नका. नव्या मशीनसोबत भोकं पाडायचा कागदी साचा येतो, तो हातात आल्यावरच सुताराला कामाला लावा. शनिवारी सकाळी फोन करते. तेव्हा त्यालाही थांबवून घ्या, मीच बोलते त्याच्याशी.

तुमची लेक