ताई, तो प्रोग्रॅम चालू झाला, मनापासून थँक्यू

नमस्कार ताई,

त्या रात्री फोनवर नुसतं थँक्यू म्हटलं आणि ठेवला, पण मन भरलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तीन दिवस मी एकाच ओळीपाशी अडकले होते. लॅबमधल्या जुन्या मशीनची रीडिंग्ज उघडणारा तो एकच प्रोग्रॅम, सोर्स कोड (मूळ लिहिलेला प्रोग्रॅम) कुणाकडेच नाही, जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर, उबुंटू लिनक्सवर कॉपी केला आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, डॉट स्लॅश लावून नाव टाकलं की उत्तर एकच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी, म्हणजे अशी फाइलच नाही. आणि फाइलींची यादी दाखवणारं एलएस मारलं की फाइल समोर दिसतेय! पाथ बघितला, सीएचमॉड कमांडने चालवायची परमिशन दिली, बॅकअपमधून परत कॉपी करून चेकसम (कॉपी हुबेहूब आहे का ते सांगणारा आकडा) जुळवला, सगळं बरोबर. प्रोग्रॅमला कुठल्या लायब्रऱ्या (तयार कोडच्या वेगळ्या फाइली) लागतात ते दाखवणारं एलडीडी लावलं तर म्हणे नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल, म्हणजे याला बाहेरची लायब्ररी लागतच नाही असं मी धरून चालले आणि तिथेच माझी वाट चुकली.

तुम्ही आधी एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मागे उरणारा आकडा, विचारलात. 127. "परमिशनचा घोळ असता तर 126 आला असता, ते डोक्यातून काढ," आणि मग, "अगं, मेसेज खरा आहे, फक्त तो तुझ्या फाइलबद्दल नाहीये. फाइल कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारी 'फाइल' नावाचीच कमांड चालव आणि आलेली ओळ मला पूर्ण वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस."

मी वाचत गेले, ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्रॅम फाइलचा प्रकार) 32-बिट, इंटेल 80386, डायनॅमिकली लिंक्ड (म्हणजे बाहेरच्या लायब्रऱ्या लागणारा), इंटरप्रीटर स्लॅश लिब स्लॅश एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट 2, आणि तुम्ही म्हणालात, "थांब. आता ही शेवटची फाइल आहे का बघ."

नव्हती!

मग तुम्ही घाई न करता समजावलंत, की अशा प्रोग्रॅमच्या पोटातच लिहिलेलं असतं मला कुठला लोडर हवा, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी तो लोडर (त्या ओळीतला इंटरप्रीटर) शोधतो कारण बाकीच्या लायब्रऱ्या तोच गोळा करून आणतो, माझ्या सिस्टीमवर फक्त 64-बिटचा लोडर, 32-बिटचा नाहीच, तो सापडला नाही म्हणून कर्नलने हात वर केले आणि शेलने, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या बॅशने, मात्र पुढे नाव छापलं माझ्या प्रोग्रॅमचं. एलडीडीचं उत्तरही त्यामुळेच चुकलेलं, त्यालाही तोच लोडर लागतो. (बॅशच्या नवीन व्हर्जनमध्ये रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड असं येतं म्हणे, ते खूप बरं केलंय, माझ्याकडे जुनं होतं.)

पुढचं पटापट झालं. पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजीला आय386 (32-बिट) आर्किटेक्चर जोडलं, एपीटीने पॅकेजेसची यादी अपडेट केली, 32-बिटची लिबसी6 टाकली (लोडर तिच्यातच येतो), परत चालवलं तर आता लिब एसटीडीसी++ ही दुसरी लायब्ररी नाही म्हणून रडला आणि माझा चेहरा पडला, पण तुम्ही खूश! "मेसेज बदलला ना, म्हणजे पुढे सरकलो." खरंच, आता एलडीडी नीट यादी देत होतं आणि नॉट फाउंड एकाच ओळीपुढे होतं. तेवढं पॅकेज टाकलं आणि विंडो उघडली.

ताई, तुम्ही माझा स्क्रीन ताब्यात घेऊन पाच मिनिटांत हे उरकू शकला असतात, पण तुम्ही तासभर फोन धरून प्रत्येक ओळ माझ्याकडून वाचून घेतलीत, एकदाही "एवढं कसं कळत नाही" असा सूर लागला नाही. त्याबद्दल जास्त आभार मानायचे होते, प्रोग्रॅमपेक्षाही.

जुनी रीडिंग्ज सगळी उघडली, कालपासून ती साध्या सीएसव्हीमध्ये (कुठेही उघडणाऱ्या टेक्स्ट तक्त्यात) काढून ठेवतेय, म्हणजे पुढे त्या एका प्रोग्रॅमवर अडून राहायला नको. त्याच फोल्डरमध्ये कुठली पॅकेजेस लागली आणि का लागली हे लिहून ठेवलंय, तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने. वेळ मिळाला की एकदा नजर टाकाल का?

तुमची,
127वाली