तक्रारीची फी शून्य, तारखांचं बिल ग्राहकाच्या नावावर

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: लहान रकमेच्या ग्राहक तक्रारींचा खरा खर्च

महोदय,

स. न. वि. वि.

दरवर्षी 24 डिसेंबरला तहसील कार्यालयात राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो आणि आम्ही ग्राहक चळवळीतली माणसं तिथं भाषणं ठोकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीला एक रुपया फी नाही. वकील देण्याची सक्ती नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण ते ऐकून हुरूप आलेला माणूस प्रत्यक्ष जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेला की त्याच्या खिशातून काय काय जातं, ते त्या भाषणात कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

दापोली तालुक्यातल्या एका ताईंचं प्रकरण सांगतो. तक्रार मीच लिहून दिली होती, त्यामुळे कागद न् कागद माहीत आहे. आमरस आणि कोकमाचं आगळ करून विकायचं, एवढाच त्यांचा संसाराला हातभार. त्यासाठी 31,500 रुपयांचा डीप फ्रीझर घेतला. पहिल्याच मे महिन्यात कॉम्प्रेसर बसला आणि आतला रस आंबला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, तुमच्याकडचं व्होल्टेजच खराब. दुकानदार म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर काय ऐकू येतं ते आपणही कधीतरी ऐकलं असेल.

तक्रार दाखल करायची तर कागदांचा संच लागतो: तक्रार अर्ज, कागदयादी, बिल, वॉरंटी कार्ड, नोटिशीची प्रत आणि पोचपावती, व्हॉट्सॲपवरच्या निरोपांच्या प्रिंट, त्या खऱ्या असल्याचं प्रमाणपत्र आणि नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र. सामनेवाले तीन: दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक कंपनी. म्हणजे आयोगाचा संच सोडून आणखी तीन संच. झेरॉक्स, नोटरी, स्पीड पोस्ट मिळून 2,300 रुपये गेले. कंपनीच्या बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली, म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली. त्याचे 4,500. ते बिल ताईंनीच भरलं. कायद्यात नोटीस ईमेलनं बजावायची सोय आहे. कंपनीची वेबसाइट, ॲप, ईमेल सगळं व्यवस्थित चालू होतं आणि त्याच महिन्यात त्यांची सेलची जाहिरात ताईंच्या फोनवर येऊन पडली होती.

बिघाड व्होल्टेजचा की मालाचा, हे सिद्ध कोण करणार? आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्या तपासणीची रक्कमही आधी तक्रारदारालाच भरायला सांगता येते. आम्ही एका जाणकार अभियंत्याकडून 2,000 रुपयांत अहवाल करून घेतला. मग कंपनीचं लेखी म्हणणं आलं, इंग्रजीत, जाडजूड, निवाड्यांचे दाखले लावलेलं. मुख्य मुद्दा असा की फ्रीझर व्यापारी कारणासाठी घेतला, सबब या बाई 'ग्राहक'च नाहीत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात अपवाद आहे हे मला माहीत होतं. पण ते आयोगापुढे उभं राहून, दाखले देऊन मांडायचं म्हटल्यावर ताईंचा धीर सुटला. वकील केला. 12,000 रुपये.

आता कुणी म्हणेल, वकील कशाला, कार्यकर्ताही बाजू मांडू शकतो. बरोबर आहे. मुंबईतल्याच एका वादातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये तसं सांगितलं आहे. पण तालुक्यातून जिल्ह्याला दर तारखेला मोफत जाणारे कार्यकर्ते किती आहेत, हे आपल्या खात्यानं एकदा मोजून पाहावं. आणि दुसरी गोष्ट, महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आयोगातल्या प्रकरणालाही. हे ताईंना आयोगाच्या कार्यालयात कुणीही सांगितलं नाही. तिथं त्याचा साधा फलकही नव्हता. (वकिलाकडून काही चूक झाली तर? 14 मे 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिलाविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगात करता येत नाही. तीही जोखीम ग्राहकाचीच.)

पण सगळ्यात महाग पडतात त्या तारखा. कायदा म्हणतो, सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. तहकुबी सहसा देऊ नये आणि दिलीच तर कारण लिहावं. दापोलीहून रत्नागिरीला पहाटेच्या एसटीनं निघायचं. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून तेवढं तरी वाचतं. अकराला पोचलं की दारावरच्या यादीत आपला नंबर शोधायचा. मग कळतं की सदस्य रजेवर आहेत, कोरम नाही, पुढची तारीख घ्या. अध्यक्षांबरोबर किमान एक सदस्य बसल्याशिवाय आयोगाचं काम चालत नाही. जागा रिकामी असेल तर सगळ्या यादीलाच पुढची तारीख. ताईंच्या प्रकरणाचा निकाल लागला तोवर आंब्याचा तिसरा हंगाम उलटला होता.

पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलानं व्हरांड्यात त्यांना गाठलं होतं. "ताई, पंधरा हजार घ्या आणि मोकळ्या व्हा. कशाला हेलपाटे मारता?" माणूस सभ्य होता, आवाजात धमकी नव्हती. ताईंनी मान हलवून नकार दिला आणि मला त्यांचं कौतुक वाटलं. आता हिशेब बघा. निकाल ताईंच्या बाजूनं लागला: फ्रीझरचे 31,500 परत, शारीरिक व मानसिक त्रासापोटी 5,000, तक्रार खर्चापोटी 3,000. एकूण 39,500. त्यातून वरचा खर्च, 20,800 रुपये, वजा करा. हातात 18,700. कंपनीनं मुदतीत पैसे दिलेच नाहीत, म्हणून दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागली, पुन्हा तारखा. दरखास्तीची नोटीस गेल्यावर थोड्याफार व्याजासकट रक्कम आली. आता एसटीचं भाडं आणि ऐन हंगामात बुडालेले दिवस धरा. तो वकील व्हरांड्यात अगदी बरोबर भाव सांगत होता, महोदय. केस जिंकणाऱ्या बाईला कायद्याच्या वाटेनं किती पदरात पडेल, हे कंपनीला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं.

ही जिंकलेली केस आहे. हरली असती तर 20,800 पाण्यात. कंपनीनं राज्य आयोगात अपील केलं असतं तर आदेशाच्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणजे वीस हजारांच्या आत. कंपनीला ते चहापाण्याइतकं, ताईंना मात्र पुन्हा वकील. शिवाय तक्रार दाखल करायला दोन वर्षांची मुदत आहेच. "मॅडम, आम्ही बघतो" असे ईमेल वाचत बसलेल्या कितीतरी लोकांची मुदत अशीच निघून गेलेली मी पाहिली आहे. नुसत्या पत्रव्यवहारानं ती वाढत नाही, हे त्यांना माझ्यासारखा कुणी तेव्हा सांगतो जेव्हा उशीर झालेला असतो.

आयोग अर्धन्यायिक आहे, कुणाला किती खर्च द्यावा हे मंत्र्यांनी सांगायचं नसतं, याची मला जाणीव आहे. पण बरंच काही आपल्याच हातात आहे. जिल्हा आयोगांना माणसं आणि कर्मचारी देणं हे राज्याचं काम आहे. अध्यक्ष किंवा सदस्य कधी निवृत्त होणार याची तारीख पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. मग जागा रिकामी झाल्यावर भरतीची फाइल का हलते? नियुक्त्यांच्या नियमांवरून नागपूर खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालयात वाद झाले, हे मान्य. पण तोवर शेजारच्या जिल्ह्याच्या आयोगाकडे काम सोपवायची तरतूद कायद्यात आहेच, ती वेळेवर वापरा.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं सुनावणी मागण्याचा हक्क 2019 च्या कायद्यानं दिला आहे. 1 जानेवारी 2025 पासून ग्राहक तक्रारी ऑनलाइन दाखल करायचं ई-जागृती पोर्टलही सुरू आहे. तालुक्याच्या गावात, तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात, एक खोली, एक स्कॅनर आणि एक कॅमेरा द्या. निदान 'पुढची तारीख' घेण्यासाठी तरी माणसाला एसटीत बसावं लागू नये. कोरम नसेल तर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर निरोप धाडा. त्याला नवा कायदा लागत नाही.

एक लाखाच्या आतल्या तक्रारीत प्रयोगशाळेची फी आणि जाहीर नोटिशीचा खर्च तक्रारदाराच्या खिशातून जाऊ नये. तो ग्राहक कल्याण निधीतून आधी भरून, निकाल लागल्यावर दोषी कंपनीकडून वसूल करता येईल का, याचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवा. आणि तक्रार खर्चाबाबत केंद्राकडे नियमाचा आग्रह धरा: पावत्या जोडल्या असतील तर प्रत्यक्ष खर्च, अधिक सामनेवाल्यामुळे वाया गेलेल्या प्रत्येक तारखेचा ठरावीक भत्ता. 3,000 हा आकडा कुठून येतो, हे आजवर मला कोणत्याही आदेशात वाचायला मिळालेलं नाही.

रत्नागिरी जिल्हा आयोगात आज किती पदं रिक्त आहेत आणि ती कोणत्या तारखेपर्यंत भरली जातील, एवढ्या दोन गोष्टींचं लेखी उत्तर आपल्या कार्यालयाकडून मिळावं, ही विनंती. उत्तर मराठीत असावं. ते आमच्या केंद्राच्या फलकावर लावायचं आहे.

आपला,
दापोली तालुक्यातील एक ग्राहक कार्यकर्ता