स्टीलच्या चार ग्लासांबद्दल

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी संध्याकाळी आपल्या परमिट रूममध्ये जेवायला आलेल्या चौघांपैकी मी एक. माझा चेहरा आपल्याला आठवणार नाही, परंतु पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेन लावलेले आणि हात थरथरणारे वृद्ध गृहस्थ आपण विसरला नसाल. ते माझे वडील. निघताना आपले आभार मानायचे होते, पण गळा दाटून आला आणि मी नुसते हात जोडून बाहेर पडले. तेव्हा राहून गेलेले बोलणे आज सर्वांदेखत लिहीत आहे.

बाबूजी पाटबंधारे विभागातून निवृत्त झाले. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. त्याआधीचा सबंध मोठा भंडारा जिल्हा त्यांनी नोकरीत पालथा घातला होता. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या मालगुजारी, म्हणजे सिंचनाच्या जुन्या गावतलावांपैकी कोणाची पाळ कुठे झिरपते, कोणाचा पाट कोणाच्या धुऱ्यावरून जातो आणि कोणत्या पाण्यातली मासोळी चवीला उजवी, हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांचा शौक म्हणाल तर एकच होता. शनिवारी दोन मित्रांबरोबर कुठल्यातरी साध्या परमिट रूममध्ये बसायचे, एक बीअर घ्यायची, मासोळीचा रस्सा आणि भात खायचा आणि नऊच्या आत घरी यायचे. आईनेही त्याला कधी नाक मुरडले नाही.

पुढे हात थरथरू लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी ‘इसेन्शियल ट्रेमर’ असे नाव सांगितले. हात कापतो म्हटले की लोकांना पार्किन्सन्स आठवतो, परंतु त्यात हात बहुधा स्वस्थ असताना कापतो; बाबूजींचा हात मांडीवर असला की शांत असतो आणि ग्लास उचलला, चमचा धरला किंवा सहीसाठी पेन टेकवले की थरथर सुरू होते. हा त्रास पुष्कळदा घराण्यात चालत येतो, आणि आमच्या आजोबांचा हातही असाच हलायचा. प्रोप्रानोलॉलच्या गोळीने थोडा उतार पडतो, एवढेच. यातली क्रूर गंमत अशी की या विकारात थोडे मद्य पोटात गेले तर अनेकांचा हात काही वेळ स्थिरावतो (हा उपचार नव्हे, असे डॉक्टरांनी आम्हाला बजावले आहे), आणि पाहणाऱ्याची मात्र खात्री पटते की दारूनेच या माणसाचे हात घालवले.

जिल्ह्याच्या गावातल्या एका वातानुकूलित हॉटेलात नेमके हेच झाले. त्याचे नाव लिहीत नाही. बाबूजींनी पाण्याचा ग्लास उचलला, तो बोटांतून निसटला आणि फरशीवर फुटला. आम्ही अजून काही मागवलेही नव्हते, तरी गल्ल्यावरचा मनुष्य आमच्याजवळ आला आणि शेजारच्या टेबलांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “काका घरूनच घेऊन आलेले दिसतात.” मी आजार समजावून सांगितला, तर त्याने मान डोलावली आणि बिलात जेवणाच्या पदार्थांखाली फुटलेल्या ग्लासाची स्वतंत्र ओळ लावली. त्या पैशांचे दुःख नाही. ती ओळ बाबूजींनी चष्मा लावून, बोट ठेवून वाचली, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नातेवाइकांनीही काही कसर ठेवली नाही. एका लग्नाच्या पंगतीत एका हौशी जावयाने “मामाजी, आम्ही भरवतो ना!” म्हणून हशा पिकवला. तेव्हापासून बाबूजी लग्नाला जातात, आहेर देतात आणि न जेवता परततात.

शनिवारचे बाहेर जाणेही अर्थातच सुटले होते. आपले ठिकाण आम्हाला गावातल्याच एका परिचिताने सुचवले. आपण पूर्वी नागपूर-रायपूर महामार्गाला लागून होता आणि महामार्गालगतच्या मद्यविक्रीला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2017 च्या एप्रिलपासून लागू झाला तेव्हा आत गावाकडे सरकलात, हेही त्यांनीच सांगितले. आपले तेव्हा बरेच नुकसान झाले असणार. आमच्या वाट्याला मात्र त्यामुळे कौलारू पडवीतली मोजकी टेबले, मागे आपले घर, स्वयंपाकघरातून येणारा जवसाच्या चटणीचा वास आणि एकमेकांचे बोलणे ऐकू येईल इतकी शांतता आली. सासऱ्यांना घेऊन बारमध्ये बसायचे म्हणून माझे यजमान अवघडले होते, आणि बाईमाणसाकडे तिथे कोण कसे पाहील याची धाकधूक मलाही होती. कोणी पाहिले नाही. तो विषय इथेच संपतो.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडच्या मुलाने नेहमीप्रमाणे काचेचे चार ग्लास मांडले आणि बाबूजींची बीअर ओतली. बाबूजींनी तिला हात लावला नाही. दोन्ही हात टेबलाखाली धरून ते उगाचच छताच्या वाशांकडे पाहत राहिले. आपण गल्ल्यावरून हे किती वेळ पाहत होता, मला ठाऊक नाही. आपण उठलात, मागच्या दाराने घरात गेलात आणि स्टीलचे चार ग्लास घेऊन आलात. “पोरानं आज काच बराबर धुतली नाही,” असे पुटपुटत आपण टेबलावरचे काचेचे ग्लास उचललेत, एकट्या बाबूजींचा नव्हे तर चारही. मग बाबूजींची आणि जावयांची बीअर, माझे पाणी आणि माझ्या मुलाचा लिंबूसोडा (त्याला एकवीस पूर्ण नाहीत, हे आपण आधी विचारून घेतलेत) असे सगळे स्टीलमध्ये ओतलेत, आणि प्रत्येक ग्लास निम्माच भरलात. काच मुळीच अस्वच्छ नव्हती, भाऊ. मी पाहिली होती.

ते ग्लास आपल्या घरचे होते. माझ्या ग्लासावर कोणा मामांकडून सप्रेम भेट असे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते, मुलाच्या ग्लासावर आत्याबाई होत्या आणि बाबूजींच्या ग्लासावर लग्नाची तारीख. बाबूजींनी तो दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरून तारीख वाचली आणि म्हणाले, “म्हणजे यांच्या लग्नातला आहेर आज आपण पिऊन राहिलो.” बीअरचे चार थेंब शर्टावर सांडले. त्यांचेही सांडले, जावयांचेही सांडले, कारण हसताना कोणाचाच हात स्थिर नव्हता.

आपण एकच स्टीलचा ग्लास आणून बाबूजींपुढे ठेवला असता, तरी ती मदतच झाली असती, आणि बहुतेक भल्या माणसांनी तेवढेच केले असते. पण मग चौघांत एकाचे भांडे वेगळे दिसले असते. पंगतीत एकाचे भांडे वेगळे ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपण ते टाळलेत, आणि टाळताना दोष स्वतःच्या दुकानाच्या धुण्यावर घेतलात. ज्याला मदत करायची त्याला मदत झाल्याचा पत्ताच लागू द्यायचा नाही, ही शालीनता मी व्याख्यानांतून पुष्कळ ऐकली आहे. डोळ्यांनी पाहिली ती एका परमिट रूममध्ये.

जेवणाच्या वेळीही आपण रोहू आहे, कतला आहे असे सगळे सांगून झाल्यावर “आज मरळच घ्या” म्हणालात. मरळीत बारीक काटे नसतात आणि थरथरत्या बोटांना काटे काढता येत नाहीत, हा हिशेब मला घरी आल्यावर उलगडला. रस्सा आपण खोलगट वाडग्यात दिलात, तोही चौघांना. नंतर आपण खुर्ची ओढून बसलात आणि विचारलेत, “काकाजी, सांगा बरं, ही मासोळी कोन्या तलावाची?” त्या एका प्रश्नाने बाबूजी पुन्हा पाटबंधारे विभागात रुजू झाले. मासेमार ढिवर बांधव पूर्वी कोणते मासे आणत, रोहू-कतल्याचे बीज सोडू लागल्यापासून जुन्या जाती कशा कमी झाल्या, पाण्यातली वनस्पती गेली की मासा का जातो, असे ते बोलत राहिले आणि आपण ऐकत राहिलात. बोलता बोलता त्यांनी भात संपवला. थोडा टेबलावर सांडला, आणि तो कोणी लगबगीने पुसायला आले नाही.

दारूची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, ती स्त्रियांनी का मागितली हे मी जाणते, आणि दारूने बुडालेली घरे आमच्याही गावात आहेत. म्हणूनच कोपऱ्यातल्या त्या तरुणाला “बस झालं आता, जेव आन् घरी जा” असे सांगून आपण त्याच्यापुढे भाताचे ताट ठेवलेत, तेही माझ्या नजरेतून सुटले नाही. गिऱ्हाइकाकडे आधी माणूस म्हणून पाहणारा दुकानदार दारू विकत असो की किराणा, गावाला त्याचा आधारच वाटतो. गुळगुळीत फरशीच्या त्या हॉटेलवाल्यांनी कधी आपल्या पडवीत येऊन बसावे, असे मला फार वाटते. बिल मी देईन.

बाबूजी आता शनिवारची वाट पाहतात. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई म्हणजे जत्रा असते, रात्री दंडारीचे लोकनाट्य असते आणि पाहुणे येतात. त्या संध्याकाळी आम्ही सहा-सात जण आपल्याकडे येऊ. पंगतीतले ते हौशी जावईही त्यात असतील, त्यांनाही स्टीलचाच ग्लास द्यावा. मरळ मिळाली तर ठेवा, नाही तर झिंगे चालतील. आणि बाबूजींचा एक निरोप आहे, तो त्यांच्याच शब्दांत कळवते: “ती मासोळी शिवनीबांधची नव्हतीच. त्यांना म्हणा, आणणाऱ्याला पुन्हा विचारा.”

आपली,
काकाजींची लेक